हलक्या रॉडवर अचानक मोठा ट्राउट लागला तर काय करायचं

हिमाचलातल्या तीर्थन नदीवरून परतलेल्या इंदूरच्या मंडळींकडून दर मोसमात एकच हकिगत ऐकायला मिळते. दोन दिवस वीत-दीड वीत लांबीचे ट्राउट लागत होते आणि हलक्या रॉडवर मजेत काठापर्यंत येत होते. मग एका खोल डोहात फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेली खोटी माशी, बुडाली, रॉड वाकला, पाण्याखाली हातभर लांबीचं काहीतरी पिवळसर वळलं, आणि ‘टक’ होऊन दोरी हलकी झाली. त्यापुढचं वाक्यही ठरलेलं असतं: दोरीच बारीक होती हो.

बहुतेक वेळा दोरी पुरेशी असते. टिपेट म्हणजे फ्लाय बांधायचा दोरीचा शेवटचा, सर्वांत बारीक भाग; एक्सचा आकडा वाढतो तसं ते आणखी बारीक होतं. ५एक्स टिपेट ०.१५ मिलिमीटर जाडीचं असतं आणि माल ताजा असेल तर साधारण दोन किलोचा ताण झेलतं. पाण्यात माशाला वजन जवळजवळ नसतंच. दीड किलोचा ट्राउट ओढतो तो शेपटीच्या जोरावर आणि प्रवाहाच्या मदतीने. दोरी तुटते झटक्याने, आणि झटका बसतो तो आपला हात नको त्या क्षणी आवळलेला असतो म्हणून. यातून एकदा धडा घेतलेला माणूस पुढच्या खेपेला दुसऱ्या टोकाला जातो. इतकं सैल खेळतो की मासा वीस-वीस मिनिटं झुंजत राहतो, गळाने ओठातलं भोक मोठं होतं आणि मासा जाळीच्या तोंडाशी सुटतो. किंवा हाती येतो, पण सोडल्यावर जगत नाही.

म्हणून क्रम पक्का डोक्यात ठेवा: आधी सोडायचं, मग दाबायचं. लोक नेमकं उलट करतात, सुरुवातीला आवळतात आणि शेवटी ढिले पडतात.

पुढचं सगळं थ्री वेट किंवा फोर वेट रॉड (आकडा लहान तितका रॉड हलका), साडेसात-आठ फूट लांबी, आणि ४एक्स ते ६एक्स टिपेट धरून लिहिलं आहे. आपल्या माळव्यात ट्राउट नाही, इथलं पाणी त्याच्यासाठी फार गरम. पण तयारीचा मोठा भाग घरीच करायचा असतो, आणि तोच लोक टाळतात.

## इंदूर सोडण्यापूर्वी

### १. रीलपासून फ्लायपर्यंत प्रत्येक जोड तपासा

रीलवर आधी बॅकिंग (तळाची राखीव दोरी), मग साधारण २७ मीटरची जाड फ्लाय लाईन, मग लीडर (निमुळती होत जाणारी दोरी), टिपेट आणि शेवटी फ्लाय. लहान मासे धरताना बॅकिंग कधी बाहेर येतच नाही, त्यामुळे दुकानदाराने बांधून दिलेली गाठ वर्षानुवर्षं कोणी पाहत नाही. घराच्या गच्चीवर किंवा गल्लीत सगळी लाईन उतरवा, बॅकिंग आणि लाईनची गाठ दोन्ही हातांनी ओढून बघा. बॅकिंग निदान ५० मीटर असू द्या. तीर्थनसारख्या नदीत ते क्वचितच लागेल, पण त्याने रीलचा गाभा जाड होतो आणि हँडलच्या एका फेऱ्यात जास्त लाईन गोळा होते. मासा तुमच्याकडे पोहत येतो तेव्हा हा फरक कळतो.

लाईन आणि लीडर यांचा जोड हा दुर्लक्षित शत्रू आहे. नऊ फुटी लीडर आणि आठ फुटी रॉड असला की मासा जाळीजवळ येईस्तोवर हा जोड टोकाच्या कडीतून आत शिरलेला असतो. त्या क्षणी मासा पळाला तर जोड कडीत अडकतो आणि टिपेट जातं. दोन उपाय आहेत. लीडर रॉडच्या लांबीइतकाच किंवा थोडा कमी ठेवा, नाहीतर जोड इतका गुळगुळीत करा की तो कडीतून अडखळल्याशिवाय ये-जा करेल. लूपला लूप अडकवलेला जाड जोड हलक्या रॉडवर मला पसंत नाही.

टिपेटची रिळं जुनी असतील तर फेकून द्या. एप्रिल-मे महिन्यांत गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा गच्चीच्या खोलीत राहिलेलं नायलॉन वरून धड दिसतं आणि आतून संपलेलं असतं. रिळं कपाटात, अंधारात ठेवा.

गाठ आवळण्यापूर्वी थुंकी लावून ओली करा. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने दोरी तापते आणि तिथेच कमजोर होते. आवळताना सावकाश ओढा आणि गाठीचे वेढे एकमेकांवर चढले नाहीत ना ते बघा. चढले असतील तर कापून पुन्हा बांधा, बोटाने सारखे करत बसू नका.

तपासा: टिपेटला जुना गळ नेहमीच्या गाठीने बांधा, गळ एक लिटर पाणी भरलेल्या बाटलीच्या गळ्यात अडकवा आणि हाताने सावकाश उचला. ५एक्सने ती उचलायला हवी. आता तीच बाटली फूटभर उंचीवरून सोडून दोरीने अडवा. बहुधा तुटेल. वजन तेवढंच, दोरी तीच. नदीवर काय घडतं ते या एका प्रयोगात दिसतं. डोळ्यांवर चष्मा ठेवा, तुटलेली दोरी गळासकट उलटी येते.

### २. ड्रॅग बाटलीनेच लावा

ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक, दोरी किती ताणाला सुटायची ते तो ठरवतो. ‘जरा सैल’, ‘जरा घट्ट’ असा अंदाज बोटांना येत नाही. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ३५० मिलिलिटर पाणी भरा. रॉडच्या कड्यांमधून न नेता रीलमधून सरळ निघालेली दोरी बाटलीला बांधा आणि रील उचला. बाटली अधांतरी आली की दोरी सावकाश सुटायला हवी. सुटली नाही तर ड्रॅग ढिला करा, बाटली धाडकन खाली गेली तर थोडा वाढवा. ५एक्ससाठी एवढा ताण पुरे. ६एक्स लावलं असेल तर २५० मिलिलिटर घ्या, ४एक्सला अर्धा लिटर चालेल.

दोन किलो झेलणाऱ्या दोरीला साडेतीनशे ग्रॅमच का, असं विचारलं जातं. एक तर गाठीत दोरीची ताकद काही अंशी जातेच. दुसरं, लाईन कड्यांना घासते. तिसरं, मासा दूर गेला की पाण्यात पसरलेली लाईन स्वतःच माशाला ओढत असते. आणि रीलवरची दोरी कमी झाली की तोच ड्रॅग जास्त घट्ट लागतो. ही सगळी भर ड्रॅगच्या आकड्यात दिसत नाही, पण टिपेटवर पडतेच.

ड्रॅगच्या चकतीवर पेनाने खूण करा. नदीवर मासा लागलेला असताना ड्रॅगची चकती फिरवायची नाही. जास्तीचा ताण हवा असेल तर तळहात रीलच्या फिरत्या कडेला टेकवायचा. तो क्षणात काढता येतो, चकती क्षणात मोकळी करता येत नाही.

### ३. मैदानावर ‘मासा’ पळवा

हा सराव सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत कमी केला जाणारा. सकाळी लवकर चिमणबाग मैदानावर किंवा कॉलनीच्या बागेत जा. टिपेटच्या टोकाला गळ अजिबात नको, लोकरीचा गोंडा बांधा. टोक दहा-बारा वर्षांच्या भाच्याच्या हातात द्या आणि त्याला सांगा: मनाला येईल तेव्हा पळ, मनाला येईल तेव्हा थांब, मध्येच माझ्याकडे धाव.

तुम्ही पाठ करून उभे राहा, म्हणजे तो कधी पळणार ते कळणार नाही. पहिल्या तीन-चार वेळा गोंडा त्याच्या हातातून निसटेल किंवा दोरी तुटेल, आणि तो ओरडेल, “मामा, सोडा ना!” त्याचं बरोबर असतं. पळ सुरू झाली की तुमचा हात आपसूक मिटतो. ती सवय मोडेपर्यंत हाच सराव करा. मग तो तुमच्याकडे धावेल तेव्हा दोरी ढिली न पडू देता डाव्या हाताने ओढून घेण्याचा सराव. यात रील फिरवून भागत नाही. छोट्या रीलच्या एका फेऱ्यात वीतभर दोरी येते, आणि पोरगं तोवर चार पावलं पुढे आलेलं असतं.

पतंग उडवलेल्या हाताला हे लवकर जमतं. ढील देताना मांजा बोटांतून जातो पण बोटं त्याची जाण सोडत नाहीत, इथेही तसंच.

सावध: सरावासाठी सिरपूर तलाव किंवा यशवंत सागर इथे गळ घेऊन जाऊ नका. दोन्ही ठिकाणं २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहेत आणि पक्ष्यांच्या पायात अडकलेलं नायलॉन कोणालाही पाहवत नाही. मैदान पुरतं.

## परवाना आणि प्रवास

हिमाचलात ट्राउटची बंदी १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर असते. तो त्यांच्या अंडी घालण्याचा काळ. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ आणि चढलेलं असतं. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे सोयीचे महिने. मत्स्य विभागाचा परवाना घेतल्याशिवाय दोरी ओली करू नका, आणि परवाना घेतानाच किमान लांबी, दिवसाची मर्यादा आणि कुठला पट्टा खुला आहे ते विचारून लिहून घ्या. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकायचा नाही.

इंदूरहून मालवा एक्सप्रेसने अंबाला, तिथून मनालीच्या बसने औटपर्यंत, आणि औटहून बंजारमार्गे गुशैनी. रॉडची नळी सामानाच्या ढिगाखाली टाकू नका, बर्थच्या आतल्या कडेला उभी बांधा. पोहोचल्यावर पहिला संध्याकाळचा वेळ गाठी पुन्हा बांधण्यात घाला, बॅगेत दबलेला लीडर हाताने ताणून सरळ करा.

## पाण्यात फ्लाय टाकण्यापूर्वी

### ४. मासा कुठे उतरवायचा ते आधी ठरवा

डोहाशी आल्यावर लगेच कास्ट करू नका. पाच मिनिटं काठाने चाला आणि चार गोष्टी बघा.

मोठा मासा लागला तर तो कुठे पळेल? ब्राऊन ट्राउट खोल जातो, काठाखालच्या पोकळीत, मुळांत किंवा मोठ्या दगडाच्या सावलीत घुसतो. रेनबो ट्राउट उड्या मारतो आणि धारेच्या दिशेने खाली सुटतो. तुमच्या डोहात मुळं कुठे आहेत, आणि डोह खाली कुठे संपून उताराला लागतो?

त्याच्या मागे तुम्हाला खाली जाता येईल का? दगड चढता येण्याजोगे आहेत की उभा कडा आहे? जाता येत नसेल तर त्या डोहात ६एक्स लावू नका. एवढं साधं आहे हे.

शांत, गुडघ्याहून कमी खोल पाण्याची एखादी जागा काठाशी आहे का? मासा तिथेच आणायचा. हे मासा लागल्यावर शोधायला गेलात तर नजर पाण्यावरून हटते आणि पाय घसरतो.

डोक्यावर फांद्या किती खाली आहेत? रॉड उंच धरायला जागा नसेल तर सगळा खेळ आडवाच खेळावा लागेल. तसाही तो आडवाच खेळायचा आहे.

सावध: धरणाच्या खालच्या पात्रात उभं राहायचं असेल तर पाणी कधी सोडतात हे गावात विचारल्याशिवाय उतरू नका. ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात ब्यास नदीच्या पात्रातले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. औटहून तीर्थनकडे वळताना तुम्ही त्याच लारजीवरून जाता. कोरडे दगड अचानक ओले दिसू लागले किंवा पाण्याचा आवाज बदलला तर मासा लागलेला असला तरी रॉड सोडून वर चढा.

## मासा लागला

### ५. उचला, झटकू नका

फ्लाय थांबली, दोरीचं टोक बाजूला सरकलं किंवा पाण्यावर बुडबुडा फुटला की रॉडचं टोक सुमारे दोन फूट वर न्या. मनगट न वळवता, कोपरातून. तीक्ष्ण गळाला एवढं पुरतं. तेवढ्यात डाव्या हातातली लाईन मात्र ढिली नको.

इथली नेहमीची चूक म्हणजे दोनदा झटकणं. पहिल्या उचलीत जड लागतं, तळाच्या दगडात अडकलं असं वाटतं, म्हणून माणूस आणखी जोराने ओढतो. आणि तो दगड हलतो. मोठा ब्राऊन ट्राउट पहिला क्षणभर खरंच दगडासारखा जागेवर राहतो, मग डोकं झटकतो. रॉडच्या टोकाला ‘ठक, ठक’ असे संथ धक्के जाणवले की समजा, हा वीतभर मासा नव्हे. दुसरी ओढ द्यायची नाही.

### ६. पहिले दहा सेकंद

सगळी नासाडी इथे होते, म्हणून सावकाश वाचा.

मासा लागतो तेव्हा तुमच्या पायाशी दोन-तीन मीटर सैल लाईन पडलेली असते. मासा पळाला की ही लाईन बोटांतून वर जाणार. उजव्या हाताच्या तर्जनीने लाईन मुठीच्या कॉर्कवर धरलेली असते, ती बोटाची पकड लगेच हलकी करा. काढून टाकू नका, फक्त दोरी सरकू द्या. डाव्या हाताचं अंगठा आणि तर्जनीचं कडं करा आणि सैल लाईन त्यातून जाऊ द्या. ते कडं रीलपासून वीत-दोन वीत लांब ठेवा, कारण सैल लाईनचा फास रीलच्या हँडलला किंवा रॉडच्या बुडाला पडतो आणि मग सगळं एका क्षणात थांबतं. शर्टाचं बटण, पट्ट्याला लटकणारी कात्री, पाठीवरची जाळी, यांतही ती अडकते. नदीवर जाताना छातीवर लटकवलेल्या वस्तू कमी करा.

या वेळी नजर माशाकडे नको, सैल लाईनकडे हवी. शेवटचा फेरा वर गेला आणि रील स्वतःहून फिरू लागलं की मग मान वर करा.

मासा पळत असेल तर हँडलला हात लावायचा नाही. फिरतं हँडल बोटांवर आपटतं, आणि ते बोटांनी धरलं तर टिपेट तुटतं. मासा थांबला की मगच रील फिरवायचं.

मासा पळालाच नाही, जागेवर डोकं झटकत राहिला तर? सैल लाईन रीलवर भरण्यासाठी भराभर हँडल फिरवायला जाऊ नका. त्या गडबडीत रॉडचं टोक हलतं, दोरी क्षणभर ढिली पडते आणि उलटा काटा नसलेला गळ निसटतो. रॉड वाकलेला ठेवा, तर्जनीने लाईन हलकी धरा आणि करंगळीने सैल लाईन सावरत सावकाश रीलवर घ्या. आणि तो तुमच्याकडेच पोहत आला तर रील विसरा. डाव्या हाताने लांब लांब ओढून लाईन घ्या, गरज पडली तर दोन पावलं मागे सरका.

तपासा: आता सगळी लाईन रीलवर आहे का? पायाखाली काही नाही ना? हँडल मोकळं आहे ना? तिन्हींचं उत्तर हो आलं की पुढे.

### ७. आता दाबा, पण आडवं

पहिली पळ संपली. इथून सोडण्याचं काम कमी आणि ताणाचं काम जास्त. ‘बारीक दोरी आहे, जपून’ म्हणत रॉड डोक्यावर उभा धरून वाट बघत राहणं ही दुसरी मोठी चूक. उभा रॉड दिसायला छान वाकतो, पण माशावर त्याचा जोर फार थोडा पडतो. घरी अर्ध्या लिटरच्या बाटलीत थोडं पाणी भरून रॉडने उचलून बघा, म्हणजे टोकाच्या मऊ भागाची ताकद किती ते कळेल. शिवाय रॉड खांद्याच्या मागे गेला तर टोकाजवळ मोडतो. हलके रॉड सर्वांत जास्त असेच मोडतात.

रॉड खाली घ्या, पाण्याला जवळपास समांतर. लाईन आणि रॉड यांच्यात साधारण ४५ अंशांचा कोन राहील असा. आता वाक मधल्या आणि बुडाच्या जाड भागात उतरतो, आणि खरा जोर तिथे असतो.

ओढ माशाच्या तोंडाच्या उलट दिशेने, बाजूला. तो डावीकडे निघाला तर रॉड उजवीकडे. तो वळला की रॉड सावकाश दुसऱ्या बाजूला न्या, मधल्या वेळात दोरी ढिली न पडू देता. डोकं वळलं की मागचं शरीर वळतंच. वर ओढलं तर मासा फक्त प्रवाहात स्थिर राहून विरोध करतो, त्यात त्याला फारसे कष्ट नसतात. बाजूला ओढलं की त्याला दर वेळी तोल सावरावा लागतो. असं चार-पाच वेळा झालं की त्याची पळ आखूड होते.

लाईन परत घेण्याची रीत: रॉडने सावकाश ओढा, मग रॉड माशाकडे झुकवत त्याच वेळी रील फिरवा. ओढताना फिरवायचं नाही, फिरवताना ओढायचं नाही.

तुम्ही माशाच्या बरोबरीने किंवा थोडे खालच्या बाजूला उभे असायला हवं. म्हणजे त्याला तुमच्याशी आणि प्रवाहाशी, दोघांशी झुंजावं लागतं. तुम्ही वरच्या बाजूला आणि मासा खाली राहिला तर प्रवाह त्याच्या बाजूने आणि तुम्ही दोघांना ओढताय. म्हणून उभ्या जागी खिळून राहू नका, काठाने खाली चाला. पाण्यातून धावायचं मात्र नाही. बर्फाच्या पाण्यात गोल दगडांवर मासा लागल्याच्या जोशात पडलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि मनगट मोडून परत येण्याइतका कोणताही मासा मोठा नसतो.

हातभर लांबीचा ट्राउट ५एक्सवर पाच-सहा मिनिटांत जाळीशी यायला हवा. त्याहून फार लांबत असेल तर तुम्ही पुरेसं दाबत नाही आहात.

### ८. तीन अडचणी

उडी. मासा पाण्याबाहेर आला की रॉडचं टोक त्याच्याकडे झुकवा. हवेत त्याचं पूर्ण वजन परत येतं आणि ताणलेल्या दोरीवर तो पडला तर बाटलीचा प्रयोग पुन्हा घडतो. पाण्यात पडला की लगेच ताण घ्या.

दगडाखाली किंवा मुळांत घुसला. ओढू नका. दोरी दगडाच्या कडेला घासत असते, ओढीने ती कापली जाते. रॉड खाली करा, दोरी पूर्ण ढिली सोडा आणि मिनिटभर थांबा. ओढ गेली की मासा पुष्कळदा ज्या वाटेने गेला त्याच वाटेने बाहेर येतो. नाही आला तर तुम्ही जागा बदला, काठाने पलीकडे जाऊन वेगळ्या कोनातून सौम्य ताण द्या.

डोह सोडून उताराला लागला. मागे जाता येत असेल तर जा, रॉड उंच करून, म्हणजे लाईन दगडांत अडकणार नाही. जाता येत नसेल तर मनाविरुद्ध वाटेल असं एक काम करा: रीलमधून हाताने चार-पाच मीटर लाईन भराभर काढून सोडून द्या. ती लाईन प्रवाहाने माशाच्याही खाली जाते आणि तिथून त्याला खालून ओढू लागते. ओढ खालून आली की मासा अनेकदा उलट वर पोहू लागतो. नेहमी साधत नाही, पण तो उताराच्या तोंडाशी असतानाच केलं तर साधतं. उतार ओलांडल्यावर उपयोग नाही.

## जाळीत आणि परत पाण्यात

### ९. जाळी माशाकडे नको, मासा जाळीकडे

मासा कडेवर झुकू लागला, त्याचं डोकं पाण्यावर येऊ लागलं की जाळी पाण्यात बुडवून स्थिर धरा. ओली आणि शांत. जाळी रबरी धाग्याची असू द्या, सुती गाठींची जाळी खवले आणि पंख फाडते. रॉडचा हात मागे आणि वर न्या, पाऊल मागे टाका, मासा पृष्ठभागावरून डोक्याच्या बाजूने सरकत जाळीवर येईल. अर्धं शरीर आत आलं की मग जाळी उचला.

जाळी दिसली की मोठा मासा शेवटची पळ घेतोच. त्या वेळी हँडलवरून हात निघालेला हवा आणि रॉड पुढे झुकायला तयार हवा. पहिल्या सेकंदाला जे केलं तेच: सोडा. मग पुन्हा आणा.

सोबत कोणी असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा. उत्साही मित्र जाळी घेऊन माशाच्या मागे पाणी ढवळत धावतो आणि जाळीच्या कडेने दोरी तोडतो. “दादा, जाळी पाण्यात धरा आणि हलू नका, मी आणतो,” एवढं वाक्य डोहाशी आल्यावरच बोलून घ्या.

मासा काठाच्या खडीवर ओढत आणणं बंद करा. खडीने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि बुरशीपासून त्याला वाचवणारा तोच असतो.

### १०. गळ काढणं आणि सोडणं

उलटा काटा घरीच चिमट्याने दाबून सपाट केलेला असेल तर हे काम काही सेकंदांचं आहे. हात आधी नदीत ओले करा, हे थंडीत लोक विसरतात. मासा जाळीतच, जाळी पाण्यातच. फोर्सेप्सने गळ पकडून ज्या वाटेने शिरला त्याच वाटेने मागे काढा. गळ घशात खोल असेल तर खेचू नका, टिपेट तोंडाजवळ कापून टाका.

फोटो हवा असेल तर मोबाईल आधी सोबत्याच्या हातात तयार असू द्या. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा छातीखाली. कल्ल्यांत बोट घालायचं नाही, पोट दाबायचं नाही. उचला, एक फोटो, खाली. हवेत दहा सेकंदांच्या आत.

मग संथ वाहत्या पाण्यात त्याचं तोंड प्रवाहाकडे करून सैल हाताने आधार द्या. पुढे-मागे हलवायचं नाही, मागे ओढताना पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. तो स्वतः शेपटी हलवून हातातून निघेपर्यंत थांबा. मिनिट लागो, पाच मिनिटं लागोत.

सावध: खिशात छोटा थर्मामीटर ठेवा. पाणी २० अंशांना टेकलं की ट्राउट धरणं थांबवा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि इतकं झुंजलेला मासा सोडल्यावर पोहत जाऊनही तासाभरात मरू शकतो. खायला ठेवायचा तर परवान्यात बसतो का ते आधी बघा आणि लगेच डोक्यावर एक घाव घालून मारा, दोरीला बांधून तडफडत ठेवू नका.

### ११. पुढच्या कास्टआधी

मोठा मासा सोडल्यावर हात थरथरत असतात आणि लगेच पुन्हा फ्लाय टाकायची घाई होते. तेच टिपेट पुन्हा टाकू नका. फ्लायपासून वरचा दोन हात भाग नखांतून ओढून बघा, खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून खिशात घाला, नदीत टाकू नका. खरखर लागली नाही तरी फ्लायची गाठ कापून नवी बांधाच, ती ताण खाऊन बसलेली असते. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवा. नखावरून घसरलं तर ते बोथट झालं आहे, छोट्या कानशीने दोन-तीनदा घासा किंवा फ्लाय बदला. ड्रॅगची चकती पेनाच्या खुणेवर आहे ना ते बघा. रीलवर मासा खेळवताना लाईन एका बाजूला साचली असेल तर थोडी काढून सारखी गुंडाळा.